शिवदास मळीक याचा उजवा हात

पेडण्याकडच्या त्या गावात शिवदास मळीक याला ओळखणारे लोक दोन प्रकारचे होते. ज्यांनी त्याच्या उजव्या हाताचा मार खाल्ला होता ते, आणि तो खाताना दुसऱ्याला पाहिलं होतं ते. नवीन आलेला पोस्टमन कुठल्याच प्रकारात बसत नव्हता. तो महिनाभरात दुसऱ्या प्रकारात गेला आणि दिवाळीच्या आत पहिल्या.

तोंड शिवदासला होतं, पण ते पेज जेवायला आणि विडी ओढायला. बोलायचं काम हात करायचा. पहिलं भाषण या हाताने शहाऐंशी साली केलं. राजभाषेवरून गोवा पेटला होता, रस्त्यावर माड आडवे पडले होते, आणि धारगळच्या वळणावर पंधरा वर्षांचा शिवदास नारळाएवढा चिरा घेऊन उभा होता. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “रे, तू मराठीवालो काय कोंकणीवालो?”

“आधी मारतंय, मागीर सांगतंय,” शिवदास म्हणाला आणि समोरून आलेल्या बसची काच फोडली. ड्रायव्हरच्या कपाळातून रक्ताची धार लागली. बस कोणत्या बाजूची होती ते कळायच्या आत पोलिसांची काठी आली आणि सगळे शेतातून पळाले. पुढच्या वर्षी गोवा राज्य झालं. त्यात आपल्या चिऱ्याचा वाटा आहे असं शिवदास नेहमी सांगायचा. कोणत्या बाजूने, ते मात्र त्याने कधीच नक्की केलं नाही.

मग तो शिरगावच्या खाणीवर टिपर चालवायला गेला. तिथे नंबर मोडून पुढे घुसणाऱ्या ड्रायव्हरचं नाक त्याने तिसऱ्या दिवशी मोडलं. खाणी बंद पडल्यावर महामार्गाच्या कामावर लागला, तर बेळगावकडच्या दीपक नावाच्या मुकादमाला खडीच्या ढिगावर असा आपटला की तो पंधरा दिवस उपडा झोपत होता. घरात मात्र हा हात एकदाच उठला. लग्नाच्या पहिल्या वर्षी. बायको सुमंगला तेव्हा विळीवर मासे कापत होती. तिने मान वर न करता पातं त्याच्याकडे वळवलं आणि म्हणाली, “हाणा. मी हंयच बसलंय.” हात खाली आला आणि त्या घरात पुन्हा कधी वर गेला नाही.

एवढं होऊनही गाव या हाताला मान द्यायचं, त्याचं कारण नारळ.

गावची देवी सातेरी. तिची मूर्ती नाही. पुरुषभर उंचीचं तांबड्या मातीचं वारूळ आहे, त्यालाच देवी मानतात. त्याला तिथे रोयण म्हणतात. मे महिना संपता संपता, पेरणीआधी, रोयणीसमोर गावाचं गाऱ्हाणं होतं. गाऱ्हाणं संपलं की मळकांच्या घरातल्या पुरुषाने नारळ फोडायचा. शिळेवर, एका दणक्यात, उजव्या हाताने. दोन शकलं सारखी पडली तर वर्ष चांगलं. वीस वर्षं शिवदास फोडत होता आणि वीस वर्षं शकलं अशी पडायची की जणू कोणी करवतीने कापली आहेत. पावसाने दगा दिला, खाणी बंद झाल्या, दोन आमदारांनी पक्ष बदलले. पण नारळ सारखा फुटला होता, तेव्हा दोष नारळाचा नाही एवढं तरी सिद्ध व्हायचं.

आणि गावात कोणाला काही लागलं, कापलं, विंचू चावला, तर रोयणीची चिमूटभर माती तीर्थात कालवून त्यावर लावायची. आईची माती. शिवदासच्या टिपरवाल्या आयुष्यातल्या प्रत्येक जखमेला ती लागली होती आणि प्रत्येक जखम बरी झाली होती.

दोन हजार एकवीसचा मे उजाडला तो तोंडाला पट्टी बांधूनच. देवस्थान समितीचे अध्यक्ष गोकुळदास, निवृत्त मास्तर, यांनी जाहीर केलं की गाऱ्हाण्याला पाचच माणसं. मळकांच्या घरातून एकच, आणि तोही लस घेतलेला.

शिवदासने लस घेतली नव्हती. माणसाला भोक पाडायचं तर ते आपण दुसऱ्याला, असा त्याचा शिरस्ता. घेतली होती त्याच्या चुलतभावाने, गुरुदासने. गुरुदास दहा वर्षांनी लहान, बारीक अंगाचा, महामार्गावर शहाळी विकणारा. कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडून, नळी खोचून, चौथ्या घावाआधी गिऱ्हाइकाच्या गाडीची तारीफ करून मोकळा. धाकट्या घराला नारळाचा मान कधी मिळाला नाही, हे दुःख त्याचा बाप त्याला वारसा म्हणून देऊन गेला होता.

गाऱ्हाण्याच्या सकाळी चौघे रोयणीसमोर उभे राहिले आणि पाचव्या जागी गुरुदास. कोयत्याने नारळाची सोडणं काढत होता. गोकुळदासांनी सुरू केलं, “बा आई सातेरी, आज गाव तोंड बांधून घरात बसलो आसा...”

“व्हय म्हाराजा,” चौघे म्हणाले.

“पाच लेकरा तुज्या पायाकडे उभी आसत...”

“सहावां आयलां,” मागून आवाज आला. शिवदास अंगणाच्या पायऱ्या चढत होता.

गोकुळदास म्हणाले, “शिवदास, नियम म्हणजे नियम. तुजो दाखलो खंय?”

शिवदासने दाखला दाखवला. तो गुरुदासच्या डाव्या गालावर बसला. गुरुदासची पट्टी उडून समईवर पडली आणि एक दात तिच्यामागून निघाला. दुसरी थप्पड कानावर. तिसरी बसायच्या आत शिवदासने त्याला मानेला धरून शिळेवर वाकवला आणि त्याचं तोंड शिळेवर घासलं, एकदा, दोनदा, ओठ फाटेपर्यंत. “नारळ फोडतलंस? फोड. तुज्याच डोक्यान फोड.”

गुरुदासच्या हातात कोयता होता, हे दोघेही विसरले होते. तिसऱ्यांदा तोंड शिळेकडे जाताना गुरुदासला ते आठवलं. त्याने डोळे मिटून मागच्या मागे कोयता फिरवला. शहाळ्याचा हात तो, घाव बसला नेमका. शिवदासच्या उजव्या हातात, कोपराखाली चार बोटांवर शिरला, तिरका, हाडाला लागून थांबला. कोयता निघाला तेव्हा त्याच्याबरोबर मांसाची पाळ उघडली आणि रक्त गोकुळदासांच्या धोतरावर उडालं.

शिवदासने हाताकडे पाहिलं, मग खाली पडलेला नारळ उचलला. त्याच हाताने. बोटांवरून रक्त नारळावर ओघळत होतं. खांद्यापासून हात वर नेऊन त्याने नारळ शिळेवर आपटला. दोन शकलं. सारखी. पाणी आणि रक्त एकत्रच रोयणीच्या पायाशी गेलं.

“व्हय म्हाराजा,” चौघांपैकी एकजण सवयीने म्हणाला.

मग शिवदास वाकला, डाव्या हाताने रोयणीची मूठभर माती उकरली आणि उघड्या जखमेत भरली. चिमूटभर नव्हे, मूठभर. ठासून. चिऱ्यांच्या भिंतीतली फट लिंपतात तशी.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने जखम धुता धुता विचारलं, “माती कसली ही?”

“आमच्या आयची.”

अठरा टाके पडले. नर्सने दोनदा सांगितलं की मोठ्या इस्पितळात जा, जखम नीट उघडून धुवायला हवी. शिवदासने ऐकलं आणि घरी आला. पोलिसांनी गुरुदासला नेलं, चार दिवसांनी तो जामिनावर सुटला. त्या चारही दिवशी सकाळी शिवदास पट्टी सोडायचा, टाक्यांवर आईची माती तीर्थात भिजवून थापायचा आणि पट्टी पुन्हा बांधायचा.

पाचव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. हातात कोणीतरी निखारे घालून फुंकतंय असं होऊ लागलं. सुमंगलेने पट्टी सोडली. टाक्यांच्या कडा जांभळ्या होत्या, मधे एक काळा डाग, रुपयाएवढा, आणि डागावर पांढरट लव.

ती वाकून बघत राहिली. म्हणाली, “शिळ्या पावाक येता तसा आयलां हें.”

“माती ती. सुकली आसतली.”

“माती वाढता खंय?”

संध्याकाळी डाग तळहाताएवढा झाला. सुमंगलेने नवऱ्याला विचारलं नाही. शेजाऱ्याची गाडी बोलावली आणि त्याला पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथल्या सर्जन डॉ. सुप्रिया मगदूम. कोल्हापूरकडच्या, तिशीतल्या, उंचीने शिवदासच्या छातीला लागणाऱ्या. करोनाच्या गर्दीत तीन महिने धड न झोपलेल्या. त्यांनी टाके उसवले, बोटांनी कडा बाजूला केल्या, आणि आतला राखाडी गर बघून त्या शिट्टी वाजवल्यासारखा श्वास सोडून म्हणाल्या, “काका, काय भरलंयसा यात?”

शिवदासने सांगितलं. त्यांनी मान हलवली, चिमट्याने तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तासाभरात उत्तर आलं: रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटलेले धागे. बुरशी.

“बुरशी?” शिवदास हसला. “लोणच्याक येता ती?”

“तिची चुलतबहीण म्हणा. त्या करोनावाल्यांच्या नाकाडोळ्यांत जी काळी बुरशी शिरतीय, तिच्याच भावकीतली. ही मातीत राहते. गप पडलेली असते बिचारी. पण जखमेत ठासून भरली की रक्ताच्या नळ्यांत शिरते. नळी बंद, मग पुढचं मांस मरतं. मेलेलं मांस ती खाते आणि पुढे सरकते. तुम्ही दणकट असा नाहीतर नसा, ती विचारत नाही.”

“मग दिया गोळी.”

“तुम्हाला नायटा आहे ना?” त्याच्या कमरेवरचे चट्टे बघून त्यांनी एकदम विचारलं. शिवदास दचकला. सुमंगला म्हणाली, “वीस वर्सां आसा. टिपरवर बसान बसान. दुकानातली ट्यूब लायता, तीन दिवस, खाज गेली काय बंद. परत आयलो काय दुसरी ट्यूब.”

“म्हणजे बुरशीला तीन तीन दिवस मारायचं आणि सोडून द्यायचं. मार खाऊन खाऊन ती निबर होते, मग तिला औषध लागू पडत नाही. आता निम्म्या देशाचे नायटे असे निबर झालेत. तुमच्या हातातली बुरशी मात्र जन्माचीच निबर. नेहमीच्या गोळ्या तिला खडीसाखर. एकच जुनं इंजेक्शन चालतं, तेपण भरपूर द्यावं लागतं. आणि कापावं लागतं.”

“कितके?”

“रक्त येईल तिथवर.”

हा नियम शिवदासला समजला. त्याचाही आयुष्यभर तोच होता. फक्त तो रक्त आलं की थांबायचा, आणि ही बाई रक्त येईपर्यंत थांबणार नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी कोपराखालचं मांस मुठीएवढं काढलं. मेलेलं मांस कापताना रक्त येत नाही. पातं ओल्या साबणातून गेल्यासारखं जातं. जिथे लाल ठिपके उमटले तिथे त्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर तेच लाल मांस राखाडी झालेलं. पुन्हा कापलं. तिसऱ्या दिवशी दोन स्नायू मुळापासून गेले आणि मनगटाकडे जाणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या उघड्या पडल्या. भूल उतरली की शिवदास असा ओरडायचा की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा स्वतःचं दुखणं विसरून देवाचं नाव घ्यायचा.

आणि मधे ते इंजेक्शन. पिवळसर पाणी, काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली, सहा तास थेंब थेंब. अर्ध्या तासात अंग उडायला लागायचं. दात एकमेकांवर आपटायचे, लोखंडी खाट फरशीवर सरकायची, दोन वॉर्डबॉय पायांवर बसायचे. एकदा शिवदासने डाव्या हाताने सलाइनचा खांब उपटून एका वॉर्डबॉयच्या बरगडीत घातला. वॉर्डबॉयने खांब जागेवर ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, असले रोज चार येतत.” शिवदासला मार लागला नाही एवढा तो शब्द लागला. आजोबा.

डॉक्टरीण रोज निळ्या पेनाने हातावर रेघ मारायच्या: आज काळं इथवर. पहिली रेघ कोपराखाली. दुसरी कोपरावर. तिसरी कोपराच्या वर तीन बोटं.

“बाय, ही रेग खंय पावली काय तुमी थांबतल्यात?” शिवदासने विचारलं.

“खांद्याला पोचली की मला थांबायलाच लागेल. पुढं छाती आहे. छाती कापून देता येत नाही.”

या सगळ्यात सर्वांत जास्त धावला तो गुरुदास. हवालदाराने त्याला जामिनावर सोडताना सांगितलं होतं, “तो जगलो तर मारामारी. मेलो तर तुजा कलम बदलला म्हणून समज.” तेव्हापासून गुरुदासचा जीव शिवदासच्या हातात अडकला होता, तोही नेमक्या त्याच हातात. साध्या इंजेक्शनाने शिवदासचं मूत्रपिंड बिघडायला लागलं. मूत्रपिंडाला सांभाळून घेणारं दुसरं इंजेक्शन होतं, पण काळ्या बुरशीच्या साथीत ते देशभर कुठे मिळत नव्हतं. सुमंगला खाली पायऱ्यांवर बसली होती. गुरुदास फाटका ओठ पट्टीखाली लपवून तिच्यापुढे उभा राहिला.

“वयनी, चिठी दी.”

“तोंड दाखवू नाको.”

“तोंड रवलां खंय दाखवूक? चिठी दी.”

तिने चिठ्ठी त्याच्या अंगावर फेकली. संचारबंदीत शहाळ्यांचा टेम्पो घेऊन तो मुरगावपर्यंत गेला, मग घाट चढून बेळगावला. नाक्यावर पोलीस अडवायचे, तो चिठ्ठी पुढे करायचा आणि म्हणायचा, “सायबा, माझ्या हातान जो मरतलो तो वाचवूक जातंय.” दोन दिवसांनी सहा बाटल्या बर्फात घालून आणल्या. शहाळ्यांच्या पेटीतून.

त्या सहा बाटल्यांनी तीन दिवस मिळाले. चौथ्या दिवशी रेघ काखेपासून चार बोटांवर होती.

डॉ. सुप्रिया खाटेच्या कडेला बसल्या. “काका, आता खरं सांगते. हात खांद्यातून काढला तर तुम्ही राहता. नाही काढला तर उद्या रात्रीपर्यंत मला काढायला काही उरत नाही. सही पाहिजे.”

“सय करूक हात खंय आसा?”

“डावा अंगठा चालतो.”

“बाय, डाव्यान फोडलेलो नारळ आईक चलना.”

डॉक्टरीण हाताकडे एकदा, त्याच्याकडे एकदा बघून बाहेर गेल्या. शिवदास भिंतीकडे तोंड करून पडला. सुमंगला रडली, रागावली, पायाला हात लावला. तो हलला नाही. वीस वर्षांच्या सारख्या शकलांचा हात. तो गेला तर शिवदास मळीक म्हणजे उरलं काय? पेज जेवणारं तोंड.

दुपारी पडदा सरकला आणि गुरुदास आत आला.

“दादा, हात दी.”

शिवदासने मान वळवली. “तुका? अर्दो तू घेतलंस. रवलेलो पण होयो?”

“माका न्हय. डॉक्टरणीक.”

“कलम वाचवूक आयलंस.”

“होय,” गुरुदास म्हणाला. “खोटा कित्याक बोलू? तू मेलंस तर माका फाशी. तू जगलंस तर माका तू. माका फाशीपरास तू बरो दिसता.”

शिवदासने डाव्या हाताने त्याची कॉलर पकडली आणि खाली ओढला. सलाइनची सुई उपटली, चादरीवर रक्ताचा फवारा गेला. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली. एकाला ताप, दुसऱ्याला एक दात कमी.

“नारळ कोण फोडतलो?” शिवदास दातांतून म्हणाला.

“तू सांगशी तो.”

“आणि तुका सांगलंय तर?”

“तर फोडतंय. दोन शकलां सारकी नाय पडली तर तू हंयसर, जितो, माका गाळी घालूक. मेल्यार कोण घालतलो?”

शिवदासने त्याला बराच वेळ धरून ठेवलं. मग कॉलर सोडली आणि बायकोला विचारलं, “हात कापून करतत काय ताचा?”

“जाळतत म्हणे,” सुमंगला डोळे पुसत म्हणाली.

“म्हणजे अर्दो मेलंय. सुतक कितके दिवस?”

“तुमच्या हाताचा सुतक? गाव पेढे वाटतलो.”

शिवदास हसला. तापात, काळ्या पडलेल्या हाताच्या वासात, तो खदखदून हसला आणि डावा अंगठा पुढे केला. सुमंगलेने तो शाईत बुडवला.

हात खांद्यातून गेला. तरी आठ दिवस कडा कापणं चाललं होतं, पण आता प्रत्येक वेळी पहिल्याच घावाला रक्त यायचं आणि डॉक्टरीण समाधानाने मान हलवायच्या. मूत्रपिंड थकलं होतं, म्हणून जुनं इंजेक्शन बंद करून त्यांनी एक नवीन औषध सुरू केलं: कॅप्सूल, नुकतीच इथे मिळायला लागलेली. तिचं नाव शिवदासला कधी उच्चारता आलं नाही. तिच्याने खाट सरकत नव्हती, दात वाजत नव्हते. चार महिने, एक दिवस न चुकता. “तीन दिवसांनी बंद केलंसा तर मी गावात येऊन उरलेला कापीन,” डॉ. सुप्रिया म्हणाल्या, आणि शिवदासने बायकोनंतर पहिल्यांदा कोणाचा तरी धाक घेतला.

नसलेला हात मात्र गेला नाही. झोपेत त्याची मूठ आवळली जायची, नखं तळव्यात रुतायची, आणि जो तळवा जळून गेला होता त्यात कळ उठायची. शिवदास जागा होऊन रिकाम्या बाहीकडे बघत बसायचा. कोणाला मारत होता ते आठवायचं नाही.

खटला पेडण्याच्या कोर्टात उभा राहिला. शिवदासला स्कूटर चालवता येईना आणि बस तारखेला वेळेवर येईना, म्हणून दर तारखेला आरोपी स्कूटर चालवायचा आणि फिर्यादी मागे बसायचा. वकिलाने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं की हे बरं दिसत नाही. “मग तू ने,” शिवदास म्हणाला. वकिलाने विषय सोडला.

एक गोष्ट दोघांनी कधी काढली नाही. हात कोयत्याने गेला की मातीने? कोयत्याचा घाव भरला असता, हे डॉक्टरणीने शिवदासला सरळ सांगितलं होतं. “वारुळाच्या मातीचा दोष नाही काका. ती जागेवर होती. तुम्ही दार उघडून आत घेतलीसा.” पण हे गावात बोलायचं म्हणजे देवीला बोल लावायचा. त्यापेक्षा गुरुदासला लावणं सोपं होतं, आणि गुरुदासनेही तक्रार केली नाही.

पुढच्या मे महिन्यात तोंडावरच्या पट्ट्या सुटल्या होत्या आणि सगळं गाव गाऱ्हाण्याला लोटलं होतं. गोकुळदासांनी विचारलं, मळकांच्या घरातून कोण? शिवदास म्हणाला, “गुरुदास.”

गुरुदास पुढे झाला. रोज दोनशे शहाळी फोडणारा माणूस, पण नारळ त्याने तीनदा हातात फिरवून पाहिला. शिवदास चार पावलांवर उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत वीस वर्षांची शकलं होती. गुरुदासने नारळ शिळेवर आपटला. फुटला नाही. पुन्हा आपटला. तडा गेला, बस. लोक कुजबुजले. तेव्हा त्याने ती गोष्ट केली जी त्याला येत होती: डाव्या तळव्यावर नारळ धरला आणि कोयत्याने घाव घातला. नारळ फुटला, घाव तसाच तळव्यात उतरला, अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत. दोन शकलं पडली, एक मोठं, एक लहान, आणि दोन्हींत रक्त.

“आई गे!” म्हणून तो खाली बसला. आणि बसल्या बसल्या, कोणी शिकवावं लागत नाही असा, उजवा हात रोयणीकडे गेला. त्याने माती उकरली. मूठ भरून तळव्याकडे आणली.

शिवदास चार पावलं एका पावलात आला. डावा हात खांद्यापासून फिरला आणि गुरुदासच्या कानाखाली असा बसला की तो दीपमाळेपर्यंत गडगडत गेला आणि माती अंगणभर उडाली. बायका किंचाळल्या. दोघा-तिघांनी शिवदासला धरायला झेप घेतली. गोकुळदास ओरडले, “देवीची माती! शिवदास, देवीची माती पाडलंस!”

“कपाळाक लाव,” शिवदास गुरुदासवर उभा राहून म्हणाला. “आयची माती कपाळाक. जखमेक न्हय.” आणि त्याने खांद्यावरची रिकामी बाही डाव्या हाताने धरून सगळ्यांसमोर हलवली. “ह्या बघा. माती मी भरलेली. मी. ह्याचो कोयतो न्हय.”

धरायला आलेले दोघे-तिघे मागे सरले.

शिवदासने वाकून जमिनीवरची चिमूटभर माती उचलली, गुरुदासच्या कपाळावर चोळली, जरा जोरातच, आणि मग त्याला बगलेत धरून उभा केला. स्वच्छ पाण्याने तळवा धुवायला सुमंगला तांब्या घेऊन आलीच होती. आरोग्य केंद्रापर्यंत स्कूटर या वेळी तीच चालवत होती, मधे गुरुदास, मागे शिवदास. सहा टाके पडले, एक धनुर्वाताचं इंजेक्शन.

पुढे कोर्टात शिवदासने मातीची गोष्ट न्यायाधीशांनाही सांगितली. निकाल काय लागायचा तो लागेल. तारखा चालू आहेत. शहाळ्याच्या गाड्यावर गिऱ्हाइकाने तळव्यावरच्या व्रणाचं विचारलं की गुरुदास कोयता खाली ठेवतो, गाल चोळतो, आणि सांगतो की उजव्याचाही खाल्लाय, डाव्याचाही खाल्लाय, पण खरं सांगायचं तर डावा जड आहे.